अलंकार पाठ झालेत, आता ते काढून बघा

नववी-दहावीत आपण सगळ्यांनीच अलंकार केलेत. उपमेय (ज्याची तुलना करतो ते), उपमान (ज्याच्याशी करतो ते), साधारण धर्म, साम्यवाचक शब्द असे रकाने आखायचे आणि शब्द भरायचे, सारखा-समान-परी दिसलं की उपमा, जणू-गमे-वाटे दिसलं की उत्प्रेक्षा, झालं, पुढचा प्रश्न. मार्क पण पूर्ण मिळायचे, मलाही मिळायचे. पुढे बीएला असताना एका तासाला मॅडमनी विचारलं, बरं, रूपक आहे ना, मग ते नसतं तर काय बिघडलं असतं? वर्गात कुणालाच काही बोलता आलं नाही. तो प्रश्न माझ्या मनात कायमचा राहिला. आता रविवारी सकाळी गल्लीतली आठ-दहा मुलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोघं-तिघं घरी वाचायला येतात, त्यांनाही मी तोच विचारते.

तर हे सगळं त्यांच्यासारख्यांसाठी लिहितेय. म्हणजे ज्यांना वाटतं की कविता आपल्याला कळत नाही, किंवा अग्रलेख वाचला तर पटतो पण का पटला ते सांगता येत नाही, किंवा स्वतः लिहायला बसलं की सगळी वाक्यं एकसारखी सपाट होतात. यासाठी साहित्याची डिग्री लागत नाही, एक वही, एक पेन आणि रोजची पंधरा मिनिटं एवढंच लागतं.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी

अलंकार म्हणजे दागिना असं आपल्याला शिकवतात, भाषा साधी असते आणि वर दागिने घातले की सुंदर दिसते वगैरे. यामुळे होतं काय की मुलं अलंकाराला वरून चिकटवलेली गोष्ट समजतात, काढली तरी चालेल अशी. पण संस्कृतात ‘अलम्’ म्हणजे पुरेसं. अलंकृत करणं म्हणजे सजवणं हा अर्थ आहेच, पण पुरेसं करणं हाही त्याच्या पोटात आहे आणि मला तो जास्त कामाचा वाटतो. साधं वाक्य जिथे पुरत नाही तिथे माणूस अलंकाराकडे जातो, आणि हे कवीच करतो असं नाही, भाजीवाली मावशी पण दिवसातून पन्नास वेळा करते.

दुसरी गोष्ट, नावांना घाबरू नका. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. मग प्रत्येक पंडिताने बारीक फरक बघत बघत नवीन नावं दिली आणि सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत आकडा शंभराच्या वर गेला. सगळी नावं पाठ असलेला माणूस चांगला वाचक असेलच असं नाही. बारा-पंधरा नीट कळले तरी पुष्कळ, आणि ते पण हळूहळू येतात.

पायरी पहिली: वाक्य साधं करून बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, बाकी काही केलं नाही तरी एवढी करा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मूळ वाक्य लिहा, दुसऱ्यात तेच वाक्य एकदम साधं करून, त्यातली कलाकुसर काढून, आणि तिसऱ्यात लिहा की हे करताना काय गेलं.

उदाहरण घेऊ. ‘दोन दिवस घरात चूल पेटली नाही.’ साधं केलं तर काय होईल, ‘दोन दिवस घरातले सगळे उपाशी होते.’ माहिती तीच आहे. आता तिसरा रकाना. काय गेलं? एक तर चित्र गेलं, गार पडलेली चूल, न निघालेला धूर. दुसरं, त्या घराची लाज गेली. चूल पेटली नाही म्हणणारा माणूस ‘उपाशी’ हा शब्द तोंडातून काढत नाहीये, त्याला तो जड जातोय, म्हणून तो स्वतःबद्दल न बोलता चुलीबद्दल बोलतोय. साधं वाक्य पोट दाखवतं, मूळ वाक्य पोटाबरोबर अब्रू पण दाखवतं. आमच्या एका आठवीतल्या मुलीने हा मुद्दा स्वतः शोधला होता, तिला लक्षणा (पुढच्या पायरीत सांगते) वगैरे शब्द माहीतसुद्धा नव्हता.

सुरुवातीचा एक आठवडा फक्त म्हणी आणि रोजच्या बोलण्यातली वाक्यं घ्या, कवितेकडे जाऊच नका. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’, ‘नाचता येईना अंगण वाकडे’, घरात आजी असेल तर वही भरायला चार दिवस पण लागणार नाहीत. तिसरा रकाना रिकामा राहिला तर? राहू दे. कधी कधी खरंच काही गेलेलं नसतं, म्हणजे ती कलाकुसर नुसती शोभेची होती, आणि हे कळणं पण वाचनच आहे.

पायरी दुसरी: शब्द कुठपर्यंत जातोय

जुन्या काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्यात. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही म्हणून शेजारचा घ्यावा लागतो तो, जसं ‘दिल्लीने तिकीट कापलं’, आता दिल्ली शहर कुणाचं तिकीट कापणार, पण आपण अडखळतो का, नाही, लगेच पक्षश्रेष्ठी समजतो. आणि व्यंजना म्हणजे शब्दात नसलेला पण ऐकणाऱ्याला पोचलेला अर्थ.

व्यंजना समजायला ‘सूर्य मावळला’ हे फार जुनं उदाहरण देतात. आपण ‘बाहेर अंधार पडला’ घेऊ. आईने अंगणात खेळणाऱ्या पोराला म्हटलं तर त्याचा अर्थ घरात ये. पाहुण्याने म्हटलं तर आता निघतो. एकट्या राहणाऱ्या आजोबांनी फोनवर मुलाला म्हटलं तर त्याचा अर्थ वेगळाच, तो मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला पोचलाय. वाक्य तेच, अक्षर बदललेलं नाही. म्हणून वाचताना कोण बोलतंय, कुणाला आणि कधी हे तीन प्रश्न आधी, अलंकाराचं नाव नंतर.

पायरी तिसरी: एकच तुलना सगळ्या अलंकारांतून फिरवा

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्यात सगळ्यांचा गोंधळ होतो, आणि तो प्रत्येक अलंकाराला वेगळं उदाहरण पाठ केल्यामुळे होतो असं माझं ठाम मत आहे. उदाहरण एकच ठेवा आणि तेच वाकवत न्या. आमच्याकडे जळगावच्या बाजूला कापूस फुटला की शेत पांढरं होतं, तर आम्ही बोंडं आणि चांदण्या घेतो.

‘बोंडं चांदण्यांसारखी दिसतायत.’ ही उपमा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे बोलणाऱ्याला पक्कं माहितीये, तो लांब उभा राहून नुसतं साम्य सांगतोय.

‘बोंडं म्हणजे जणू खाली उतरलेल्या चांदण्याच.’ उत्प्रेक्षा. आता तो एक पाऊल पुढे आला, खरं नाही हे माहीत असून खरं मानून बघतोय.

‘बोंडांच्या चांदण्यांनी शेत भरलं.’ रूपक, मधलं अंतर संपलं, जणू नाही सारखं नाही, बोंडं हीच चांदण्या.

‘ही बोंडं नव्हेतच, चांदण्या आहेत.’ अपन्हुती, म्हणजे खऱ्या गोष्टीला चक्क नकार.

‘बोंडं म्हणू का चांदण्या म्हणू?’ ससंदेह. ‘आभाळच समजून चकोर शेतात उतरला.’ भ्रांतिमान, इथे संशय पण नाही, चूक होऊन गेली. ‘चांदण्या रात्रीच दिसतात, बोंडं तर दिवसाही चमकतात.’ व्यतिरेक, उपमेय वरचढ झालं. आणि ‘कापसासारखा कापूसच.’ अनन्वय, तुलनेला दुसरं काही सापडलंच नाही.

हे एका खाली एक लिहून मोठ्याने वाचा. मग लक्षात येईल की हे वेगवेगळे डबे नाहीत, बोलणाऱ्याच्या मनाच्या पायऱ्या आहेत. तो किती खात्रीने बोलतोय, किती हरवलाय, भान आहे की सुटलंय, हे अलंकारावरून कळतं. म्हणून कवितेत उपमा आहे की रूपक हा प्रश्न नुसता मार्कांचा नाही, तो माणूस त्या गोष्टीपासून किती लांब उभा आहे हे विचारणारा प्रश्न आहे. आता तुम्ही तुमच्याकडची गोष्ट घ्या, कोकणातले असाल तर भरती घ्या, मुंबईतले असाल तर लोकलची गर्दी घ्या, आणि आठही वाक्यं स्वतः बनवा. पाठ करायला लागत नाही मग.

पायरी चौथी: उपमान आणलंय कुठून

तुलना सापडली की लगेच विचारायचं, ही वस्तू याने कुठून उचलली, स्वयंपाकघरातून, शेतातून, देवळातून, लढाईतून, बाजारातून?

आमच्याच भागातल्या, आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची ओळ सगळ्यांना माहितीये, ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’. ‘जसा’ आहे म्हणजे उपमा, तिथे थांबलो तर दोन मार्क. पण पुढे विचारा. त्याआधी शेकडो वर्षं आपल्याकडे संसाराला काय म्हणत आलेत? भवसागर. समुद्र म्हटलं की तो तरून जायचा असतो, पलीकडचा किनारा गाठायचा असतो, नाव लागते, नावाडी म्हणून देव लागतो. तवा म्हटलं की पलीकडे जायचं काहीच नाही. रोज त्याच्यासमोर बसायचं, हाताला चटके बसणार आणि मग भाकर मिळणार, उद्या परत तेच. सागर म्हणणाऱ्याला संसारातून सुटायचंय आणि तवा म्हणणारीला त्यातच राहून सगळ्यांना खाऊ घालायचंय. एक उपमान बदललं आणि संसाराकडे बघायची अख्खी रीतच बदलली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने हे केलं, त्यामुळे मला ही ओळ शिकवताना दरवेळी नव्याने भरून येतं.

त्यांचीच दुसरी ओळ शेजारी ठेवा, ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. इथे ‘जसं’ गायब आहे. मन हेच ढोर. संसाराबद्दल बोलताना त्या एक पाऊल मागे उभ्या राहून सांगतायत, मनाबद्दल बोलताना तेवढं अंतरच नाही. हे माझं वाचन आहे, तुमचं वेगळं असू शकतं, पण वेगळं असलं तर त्याचं कारण ओळीतच दाखवता आलं पाहिजे.

व्यतिरेकाचं पण एक बघू. ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्या सहाव्या अध्यायात ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजा जिंके’. माझी मराठी अमृतासारखी आहे असं म्हटलं असतं तर उपमा झाली असती आणि मराठी अमृताच्या बरोबरीला बसली असती. पण इथे पैज आहे, आणि पैज जिंकलीये. ज्ञान संस्कृतातच असायचं अशा काळात मराठीत गीता सांगायला बसलेला माणूस बरोबरीवर समाधानी नाही. काळ माहीत असला की अलंकाराला वजन येतं ते असं.

पायरी पाचवी: कानाने वाचा

इथे फार थांबत नाही. अनुप्रास, यमक सगळ्यांना येतं. फक्त मोठ्याने वाचायची सवय लावा, आणि कुठलं अक्षर परत परत येतंय ते ऐका. आपल्या भाषेत पावसालाच किती आवाज आहेत बघा, रिमझिम, रिपरिप, भुरभुर, आणि धो धो. रिमझिम हवीशी वाटते, रिपरिप कंटाळा आणते, दोन्ही बारीक पाऊसच आहेत. गोष्टीत लेखकाने ‘रिपरिप’ लिहिलं असेल तर पात्राच्या मनाची अवस्था त्याने तिथेच सांगून टाकलीये. अनुप्रास सापडला म्हणून लगेच नादमाधुर्य लिहू नका, ट-ठ-ड-ख ची गर्दी असेल तर तिथे माधुर्य नसतं, खडखडाट असतो आणि बहुतेक वेळा तोच हवा असतो.

पायरी सहावी: वाक्याची बांधणी

शाळेत हे जवळजवळ सुटतंच. अलंकार म्हटलं की आपण तुलना शोधतो, पण गद्यात खरी ताकद बांधणीत असते. याचा अभ्यास करायला माझ्या मते जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मधल्या या ओळींपेक्षा चांगलं काही नाही:

विद्येविना मति गेली,
मतिविना नीति गेली,
नीतिविना गति गेली,
गतिविना वित्त गेले,
वित्ताविना शूद्र खचले,
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

पहिली पायरी आठवा, साधं करा. ‘शिक्षण नसल्यामुळे शूद्रांची बुद्धी, नीती, गती आणि संपत्ती गेली आणि ते खचले.’ सगळी माहिती आली, एकही मुद्दा सुटला नाही. आता काय गेलं ते बघू, आणि हे सावकाश करा, आम्हाला याला अख्खा एक रविवार लागला होता.

सगळ्यात आधी साखळी गेली. मूळात प्रत्येक ओळीत जे गमावलं तेच पुढच्या ओळीत कारण बनतं, मति गेली म्हणून नीति, नीति गेली म्हणून गति. याला कारणमाला म्हणतात. माझ्या साध्या वाक्यात चार गोष्टींची यादी झाली, आणि यादीतलं एक नाव गाळलं तरी यादी उभी राहते, साखळीतली कडी काढली की साखळी तुटते. फुल्यांना तेच दाखवायचंय, की गरिबी वेगळी आणि अज्ञान वेगळं असं नाहीये, एकातून दुसरं निघतं.

मग आवाज. मति, नीति, गति, तिन्ही शब्द छोटे आणि शेवट सारखा, त्यामुळे पाठ होतात. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्यांना कोणीतरी वाचून दाखवणार आणि ते कानाने लक्षात ठेवणार, तर ही यमकं नुसती गोडव्यासाठी नाहीत.

मग क्रियापद. गेली, गेली, गेली, गेले, आणि पाचव्या ओळीत अचानक ‘खचले’. चार ओळी वस्तू जातायत आणि पाचवीत माणूस खाली बसतो. तिथे ‘गेले’ च ठेवून वाचून बघा, काय पडतं ते कळेल.

आणि शेवटची ओळ, ‘इतके’ आणि ‘एका’, समोरासमोर ठेवलेत. सुरुवात विद्येपासून झाली होती आणि शेवट अविद्येपाशी आला, म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं, आणि आरोपी एकच सापडला. एवढं सगळं सहा ओळींत आहे. याचं उत्तर लिहिताना ‘येथे कारणमाला अलंकार आहे’ हे वाक्य एकदा येतं, बाकीचं पानभर काय गेलं याचंच असतं.

बांधणीतलं आणखी एक, आपल्या मराठीतलं खास, म्हणजे च, ही, तर, ना, की हे एवढेसे शब्द. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ यातला शेवटचा ‘च’ काढा. ‘तो मी मिळवणार’ ही इच्छा आहे, ‘मिळवणारच’ म्हटलं की वाद संपला. हे अलंकारांच्या यादीत कुठे मिळणार नाही पण वाचताना पेन्सिलने गोल करा.

प्रश्नाचं पण तसंच. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग, प्लेगसाठी नेमलेला इंग्रज अधिकारी रँड याचा वध आणि त्यानंतर सरकारने सुरू केलेली दडपशाही, त्यावर टिळकांनी केसरीत ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा अग्रलेख लिहिला, आणि पुढच्याच आठवड्यात ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. पहिलं शीर्षक प्रश्न आहे पण उत्तर त्याच्याच पोटात आहे, आणि ते उत्तर वाचणारा स्वतः देतो, लेखक देत नाही. दुसरं सरळ विधान आहे, उलट शिकवल्यासारखं. दोन्ही शेजारी ठेवून विचार करा की कुठलं आधी का आलं असेल, प्रश्नाने वाचणाऱ्याला आपल्या बाजूला आधी ओढून घेतलं आणि मग नियम सांगितला, असं मला वाटतं.

पायरी सातवी: भाषा काय झाकतेय

हे शिकलं की पेपर वाचायची पद्धतच बदलते. आपण मराठी माणसं अशुभ बोलायला फार कचरतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. निघताना ‘जातो’ म्हटलं की आई लगेच म्हणणार, जातो नाही रे, येतो म्हण. दिवा विझवत नाही, शांत करतो. याला पर्यायोक्ती म्हणा, नावापेक्षा त्यामागची काळजी बघा. तुटण्याच्या जागी वाढणं ठेवलं की तुटणं सहन होतं, हे फार सुंदर आहे आणि हे टिकावं असं मला मनापासून वाटतं.

पण हीच युक्ती नोटिशीत आली की सावध व्हा. ‘दरवाढ’ लिहायचं नसतं तेव्हा ‘सुधारित दर’ येतं. सुधारलं कुणाचं? ‘काही त्रुटी राहून गेल्या’, कुणाकडून राहून गेल्या? मराठीत कर्ता गाळणं फार सोपं आहे, ‘चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’ यात एक माणूस उभा आहे की पळून गेलाय एवढा फरक आहे. तर तिसरा रकाना इथे उलटा चालवायचा, काय गेलं या ऐवजी कोण गेलं ते लिहायचं.

निवडणुकीच्या बातम्या घ्या, बालेकिल्ला ढासळला, सुरुंग लावला, धुव्वा उडाला, पानिपत झालं. सगळी उपमानं लढाईतून. एकदा लढाई म्हटलं की समोरचा शत्रूच होतो आणि रस्ते, पाणी, शाळा हे विषय त्या चित्रात बसतच नाहीत. मुलांना एकदा सांगितलं की तीच बातमी शेतीच्या भाषेत लिहा, पेरणी, राखण, उगवण, मशागत असे शब्द वापरून, तर बातमीचा रोखच बदलला, मतदारसंघात पाच वर्षं काय केलं हे आपोआप आलं.

आणि म्हणींपासून सावध. विशेष विधानाला सामान्य विधानाचा आधार दिला की अर्थान्तरन्यास होतो, भाषणात हा सारखा येतो, एक घटना सांगायची आणि ‘म्हणतातच ना, शितावरून भाताची परीक्षा’ म्हणून बसायचं. ऐकणारा मान डोलवतो कारण म्हण ओळखीची असते. पण आपल्याचकडे ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही पण म्हण आहे, आणि ती बरोबर उलटं सांगते. म्हणजे म्हण मुद्दा शोभवते, सिद्ध करत नाही. दृष्टान्ताचंही, म्हणजे मुद्दा पटवायला दिलेल्या उदाहरणाचंही, तसंच. ‘लहानपण दे गा देवा, मुंगी साखरेचा रवा’ मध्ये तुकोबांनी मुंगीची साखर घेतली आणि ऐरावताच्या कपाळी अंकुशाचा मार दाखवला. मुंगी पायाखाली पण येते, ती बाजू तिथे घेतली नाही, कारण मागणं नम्रतेचं होतं. दृष्टान्त नेहमी एक बाजू निवडतो. अभंगात ती निवड समजून घ्यायची, आणि भाषणात तपासायची.

पायरी आठवी: आता स्वतः लिहा

सगळ्यात मोठी चूक इथे होते, शिकलेलं सगळं एका परिच्छेदात ओतलं जातं. म्हणून आधी अख्खा मजकूर साधा लिहून काढा. मग बघा की कुठलं वाक्य साधं राहिल्यामुळे कमी पडतंय, ते सहसा एकच असतं, फार तर दोन. फक्त तिथेच हात घाला.

आमच्या गटातलं खरं उदाहरण देते. विषय पाणी. पहिला खर्डा असा होता, ‘आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी सगळे पहाटे उठतात.’ बरोबर आहे पण सपाट आहे. दुसऱ्या खर्ड्यात मुलाने लिहिलं, ‘अमृतासमान जलधारेची चातकाप्रमाणे वाट पाहत आमचे नेत्र थकून जातात.’ अमृत, चातक, नेत्र, तिन्ही उसने, एकही त्याच्या गल्लीतला नाही. मी त्याला म्हटलं तू त्या दिवशी काय काय करतोस ते नुसतं सांग मला. तो म्हणाला ताई, आमच्याकडे सोमवार मंगळवार कोणी बोलत नाही, पाण्याच्या आदल्या दिवशी ये, पाण्यानंतर दुसऱ्या दिवशी ये, असंच बोलतात. मग तिसरा खर्डा झाला, ‘आमच्या गल्लीत वार नसतात. पाण्याचा दिवस असतो आणि बाकीचे दिवस असतात.’ यात अतिशयोक्ती आहे, पण उसनं काही नाही.

तर लिहिताना तपासायचे प्रश्न तेच, वाचताना होते ते. हे काढलं तर काय जाईल? काही जात नसेल तर काढा. उपमान माझ्या डोळ्यासमोरचं आहे का? नसेल तर बदला. कर्ता कुठे पळालाय का? असेल तर परत आणा.

पहिला महिना कसा घालवायचा

पहिला आठवडा फक्त म्हणी आणि घरातलं बोलणं, रोज दोन वाक्यं तीन रकान्यांत. दुसऱ्या आठवड्यात तुमची स्वतःची आठ वाक्यांची तुलना बनवा, रोज एक-दोन केली तरी चालेल. तिसऱ्यात रोज पेपरातलं एक शीर्षक, उपमान कुठलं आणि कर्ता कुठे एवढंच. चौथ्यात एकच कविता किंवा गद्याचा एकच उतारा घ्या आणि सातही दिवस तोच वाचा, हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं पण तिसऱ्या दिवसानंतर जे दिसायला लागतं ते पहिल्या दिवशी दिसत नाही, माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाचं असंच झालंय. जमलं तर एकटे वाचू नका, कुणीतरी बरोबर घ्या, कारण तिसऱ्या रकान्यात दोघांचं वेगळं आलं की खरी मजा तिथून सुरू होते.

उतारा कुठला घ्यायचा हे सुचत नसेल तर तुकोबांचा ‘आम्हां घरीं धन शब्दांचीच रत्ने, शब्दांचीच शस्त्रे यत्ने करू’ हा अभंग घ्या, तीनच कडवी आहेत. शब्दाला त्यात आधी रत्न म्हटलंय, मग शस्त्र, पुढे जिवाचं जीवन, मग वाटायचं धन आणि शेवटी देव. पाच रूपकं आहेत आणि ती याच क्रमाने का आलीत, रत्न शेवटी आणि देव आधी असं केलं तर काय होईल, हे अदलाबदल करून वहीत लिहून बघा. आमच्याकडे येत्या रविवारी हाच घेणार आहोत.